हिंगण्याच्या पार्वतीबाई

पाबे घाट उतरून खानापूरमार्गे पुण्यास जाणाऱ्या वेल्हेकराला, खडकवासल्याचे पाणी डाव्या हाताला मागे टाकल्यावर काही वेळाने हिंगणे खुर्द लागते, आणि मुठेच्या पलीकडच्या तीरावर, इमारतींच्या दाटीत, आज कर्वेनगर या नावाने ओळखले जाणारे जुने हिंगणे बुद्रुक पसरलेले असते. सन १९०० मध्ये, जेव्हा तोरण्याच्या पायथ्याचा हा आमचा मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या अमलाखाली होता आणि येथून पुण्यास पायी जाणे हाच बहुतेकांचा परिपाठ होता, तेव्हा त्या पलीकडच्या तीरावर माळ होता, आणि त्या माळावर त्या वर्षीच्या जून महिन्यात एक झोपडी उभी राहिली. तिच्यात काही विधवा स्त्रिया व दोनएक मुली राहावयास आल्या. शहरात प्लेगची धास्ती होती. शहरातील वस्ती लोकांच्या टीकेपासूनही मुक्त नव्हती. रावबहादूर गोखले यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले होते. आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणारे एक प्राध्यापक दिवसभराचे अध्यापन संपवून, पावसाळ्यात चिखल तुडवीत, सुमारे चार मैलांची वाट चालून रोज सायंकाळी तेथे येत असत.

त्या प्राध्यापकांचे, म्हणजे धोंडो केशव कर्वे यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, त्यांच्या नावाचा रस्ता झाला, नगर झाले. आणि या कीर्तीत त्यांचा यत्किंचितही अपराध नाही, कारण स्वतःच्या आत्मचरित्रात सहकाऱ्यांचे ऋण त्यांनी मोकळ्या मनाने मांडलेले आहे. तथापि, माळावरचे ते बिऱ्हाड रोजच्या रोज कोणी चालविले, तेथे आलेल्या बायकांची दुखणीखुपणी, रुसवेफुगवे, पाळ्या आणि पथ्ये कोणी सांभाळली, आणि त्यांच्या जेवणाचे धान्य ज्या वर्गणीतून येत होते ती वर्गणी कोणत्या पायांनी गावोगाव हिंडून गोळा केली, असे विचारले तर ओठांवर नाव चटकन येत नाही. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर आणि पार्वतीबाई आठवले, ही त्या प्रश्नाची उत्तरे आहेत. येथे स्मरण करावयाचे आहे ते पार्वतीबाईंचे.

विधवेला राहण्यासाठी निराळे घर का लागावे, हे आजच्या वाचकाला थोडे उलगडून सांगितले पाहिजे. १८५६ च्या पंधराव्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह विधिसंमत केला खरा, परंतु पुनर्विवाह करणारीस पूर्वपतीच्या मिळकतीवरील हक्क सोडावा लागे. आणि जी पुनर्विवाह करीत नसे तिला तरी काय मिळत होते? एकत्र कुटुंबातील विधवेला मिळकतीत हिस्सा नव्हता. अन्नवस्त्र व राहण्यापुरती जागा एवढाच तिचा कायदेशीर वाटा, आणि तोही सासू, दीर, जावा यांच्या मर्जीच्या उंबरठ्यावर अडखळणारा. १९३७ च्या कायद्याने विधवेला हयातीपुरता हिस्सा मिळाला, १९५६ च्या वारसा कायद्याने ती पूर्ण मालक झाली, आणि नांदत्या घरातून तिला बाहेर काढता येऊ नये अशी स्पष्ट तरतूद व्हावयास २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा यावा लागला. म्हणजे ज्या काळाची ही हकिगत आहे, त्या काळी बाल्यात विवाह होऊन पंधराव्या-सोळाव्या वर्षी विधवा झालेल्या ब्राह्मण मुलीसमोर उरलेले आयुष्य म्हणजे केशवपन, लाल आलवण, एकभुक्त राहणे, आणि माहेरच्या किंवा सासरच्या माजघरात बिनपगारी स्वयंपाकीण होणे, एवढेच होते. ‘ग. भा.’ ही उपाधी नावामागे लागे. तिच्यातील गंगा आणि भागीरथी दोन्ही पवित्र, पण त्यांच्या काठी त्या बाईला घर नव्हते.

असे घर देण्याचा विचार कर्व्यांच्याही आधीचा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा पुढे दत्तक घेतला. १८८९ च्या मार्च महिन्यात पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. आणि तेथील काही मुली ख्रिस्ती उपासनेकडे ओढल्या जात आहेत या संशयावरून १८९३ साली एवढे वादळ उठले की रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार सदनापासून दूर झाले. वादळाचा निवाडा येथे करावयाचा नाही. त्याचा एक परिणाम मात्र ध्यानात ठेवावा: यापुढे विधवांसाठी घर काढणारा कोणीही असो, ‘आमच्या मुलींचा धर्म तर बुडविणार नाही ना’ या प्रश्नाला त्याला दारोदार उत्तर द्यावे लागणार होते.

शारदासदनात आलेली पहिली विधवा म्हणजे देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई नातू. याच गोदूबाईंशी विधुर कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी विवाह केला. त्या आनंदीबाई झाल्या आणि सर्वांच्या तोंडी ‘बाया’ झाल्या. कर्व्यांच्या गावच्या लोकांनी, म्हणजे मुरुडकरांनी, या दांपत्यावर बहिष्कार टाकला. आणि पार्वतीबाई या बायांच्या सख्ख्या बहीण.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा, देवरुखचा. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह महादेव नारायण आठवले यांच्याशी झाला. हे गृहस्थ पायाने अधू होते आणि अल्प तनख्यावर नोकरी करीत होते. ते निवर्तले तेव्हा पार्वतीबाई विशीत होत्या आणि पदरी एक मुलगा होता. त्या माहेरी परतल्या, रीतीप्रमाणे त्यांचे केशवपन झाले, आणि कोकणातील एखाद्या ओटीवर वाती वळीत त्यांचे आयुष्य संपले असते, तर त्यात कोणालाही काही विशेष वाटले नसते. मुलाचे शिक्षण व्हावे म्हणून त्या पुण्यास कर्व्यांच्या घरी आल्या, आणि वयाची पंचविशी उलटल्यानंतर स्वतः पाटी-पुस्तक घेऊन बसल्या. बहिणीप्रमाणे पुनर्विवाह करावा असे त्यांना कधी वाटले नाही. कर्व्यांच्या घरात राहून, कर्व्यांचे अन्न खाऊन, कर्व्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कृत्याचे अनुकरण आपण करणार नाही असे ठरविणे, यास जो स्वभावाचा ताठपणा लागतो तो पार्वतीबाईंजवळ होता. आणि तो ताठपणा मान्य करून त्यांनाच आपल्या संस्थेची धुरा देण्याइतका मोकळेपणा कर्व्यांजवळ होता.

अनाथ बालिकाश्रम मंडळी १८९६ च्या जूनमध्ये, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली होती. कर्व्यांनी तिच्यासाठी एक धोरण ठरविले, ते काहींना भित्रेपणाचे वाटले आणि मला व्यवहारचातुर्याचे वाटते: विधवाविवाहाची चळवळ आणि विधवांचे शिक्षण ही दोन कामे निरनिराळी ठेवावयाची. आश्रमात मुलगी पाठविली म्हणजे तिचे लग्न लावून देतील, ही शंका ज्या बापाच्या मनात आली तो मुलगी पाठविणार नाही, आणि वर्गणी तर मुळीच देणार नाही. म्हणून पुनर्विवाहित स्त्रियांचा वावर आश्रमात फारसा दिसू नये अशी दक्षता सुरुवातीच्या काळात घेतली गेली. आणि या दक्षतेची झळ संस्थापकाच्या पत्नीलाच लागली. बायांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथेत आपले दुखणे लपविलेले नाही. पतीने विधवांसाठी घर बांधावे आणि त्या घरात, पूर्वी विधवा होती आणि आता नाही एवढ्यासाठी, पत्नीने जपून पाऊल टाकावे! त्या घराची अधीक्षिका, त्या काळच्या भाषेत लेडी सुपरिंटेंडेंट, झाली ती धाकटी बहीण, जिने डोक्यावर पदर ओढून घेतलेला होता आणि त्या पदराखाली केस नव्हते.

पार्वतीबाईंच्या कार्याचे मर्म मला येथे दिसते. त्यांच्या वक्तृत्वाची वाखाणणी पुष्कळांनी केली आहे, त्यांच्या चिकाटीचीही; पण वक्तृत्व सुधारकांजवळ काही कमी नव्हते. एखाद्या तालुक्याच्या गावी सुधारक व्याख्यान देऊन जाई, तेव्हा वकील आणि मास्तर टाळ्या वाजवीत, आणि घरातील बायका आत असत. पार्वतीबाई गावात आल्या म्हणजे त्या आत जात. सोवळ्यातील विकेशा विधवा. तिच्या हातचे पाणी चालते, तिची पंगत वेगळी मांडावी लागत नाही, तिच्या आचारात बोट ठेवावयास जागा नाही. अशी बाई माजघरात बसून जेव्हा सांगते की तुमची मुलगी माझ्याजवळ द्या, तिला मी शिकवीन, तिचा धर्म बुडणार नाही, तेव्हा ज्या आजेसासूने कर्व्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले असते ती ऐकून घेते. रूढीने ज्या खुणेने या स्त्रीला समाजाबाहेर काढले होते, तीच खूण तिचे शिफारसपत्र ठरली. यातील क्रूर विसंगती पार्वतीबाईंना दिसत नसेल असे नाही. त्यांनी ती वापरली. वर्षानुवर्षे मुलुखगिरी करून त्यांनी अशीच वर्गणी जमविली: कुठे रुपया, कुठे चार आणे, कुठे पायलीभर तांदूळ. फंड गोळा करणे हे काम दुरून मोठे उदात्त भासते, आणि प्रत्यक्षात ते पावत्या फाडण्याचे, धर्मशाळेत मुक्काम करण्याचे, आणि ज्याने गेल्या खेपेस अपमान केला त्याच्याच दारी पुन्हा हसऱ्या मुद्रेने उभे राहण्याचे काम असते.

इंग्लंडात ऑक्टेव्हिया हिल नावाच्या बाईंनी १८६५ पासून लंडनच्या गरीब वस्तीतील घरांची व्यवस्था हाती घेतली होती, परंतु त्यांची संस्था भाड्यावर चालत होती. दर आठवड्याला भाडे वसूल करण्यासाठी जाणाऱ्या बाईनेच कुटुंबाची विचारपूस करावयाची, ही त्यांची पद्धत. हिंगण्यास भाडे कोण देणार? ज्यांच्या नावावर भांडेही नव्हते अशा स्त्रियांचे ते घर. म्हणून त्याचा जमाखर्च परक्यांच्या औदार्यावर आणि हे औदार्य पार्वतीबाईंसारख्यांच्या चालण्यावर अवलंबून राहिले.

मग १९१२ साली पार्वतीबाईंनी केस वाढविले. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते, वैधव्याला वीस वर्षे उलटून गेली होती, आणि आश्रमाच्या कामाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. ज्या वेशामुळे माजघरे उघडत होती तो वेश टाकणे म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाशी खेळणे होते, आणि हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तरीही आश्रमातील कोवळ्या मुलींसमोर आपले मुंडित मस्तक आदर्श म्हणून मिरवीत राहणे त्यांना प्रशस्त वाटेना. लोक बोलले. ज्या बायका त्यांना ‘बाई, या’ म्हणत होत्या त्यांतील काही बोलल्या, आणि त्यांचे बोलणे पुरुषांच्या अग्रलेखांपेक्षा अधिक लागले असणार. पुनर्विवाह न करणे हा त्यांचा निर्णय होता, तसाच केस वाढविणे हाही. दोन्ही निर्णय त्यांनी कोणाच्या पक्षात जाऊन बसण्यासाठी घेतले नाहीत. सुधारकांना त्या पुरेशा सुधारक वाटत नव्हत्या आणि सनातन्यांना त्या आता सोवळ्या उरल्या नव्हत्या. तेव्हापासूनची त्यांची वर्गणी मला अधिक मोलाची वाटते, कारण ती वेशाला मिळालेली नव्हती.

स्मरणलेखात जे सहसा लिहिले जात नाही तेही लिहिणे प्राप्त आहे. हिंगण्याचे घर सर्व स्त्रियांचे नव्हते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपली बहीण जनाबाई हिला आश्रमात घ्यावे म्हणून कर्व्यांना विचारले, तेव्हा ती ब्राह्मण नसल्याने प्रवेश मिळाला नाही; शिंद्यांनी ही गोष्ट आपल्या आठवणींत नोंदविली आहे, आणि तिचा सल शेवटपर्यंत गेला नाही असे ती वाचताना वाटते. पंगतीचा प्रश्न, देणगीदारांचा प्रश्न, अशी कारणे देता येतात आणि ती खोटीही नाहीत. पण वेल्ह्याच्या खोऱ्यातील एखादी बाई त्या काळी पाबे घाट उतरून हिंगण्याच्या दारी गेली असती, तर तिला परत यावे लागले असते, एवढे खरे. आमच्याकडे केशवपन नव्हते; कुणबी-मराठ्यांत, कोळ्यांत, धनगरांत विधवेचा पाट लागत असे, म्होतूर होत असे, म्हणजे तिचे दुसरे लग्न होई. त्यामुळे विधवांचा प्रश्न हा वरच्या जातींचा, आमच्या डोंगरात तो नव्हताच, असे सांगणारी जाणती माणसे अजून भेटतात. मला ते अर्धेच पटते. पाट लावलेली बाई पहिल्या नवऱ्याची मुले दिराकडे टाकून जाई. न लावलेली खाचरात राबे आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नसे. आणि नवऱ्याने टाकलेली, ती तर विधवाही नव्हे आणि सवाष्णही नव्हे, अशी भावाच्या पडवीत म्हातारी होई. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने चालविलेली, बायकोच्या नावे जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर पती-पत्नी दोघांची नावे लावण्याचा राज्य शासनाचा २००३ चा निर्णय, या दोन गोष्टींनी हा प्रश्न प्रथमच तलाठी आणि ग्रामसेवक यांच्या दप्तरात आणला. ज्ञान प्रबोधिनीने या खोऱ्यांत बांधलेल्या बचत गटांतून बायका आज बँकेच्या कागदावर सही करतात. पार्वतीबाईंनी जे हाती घेतले त्याचा हा पुढचा भाग असला, तरी तो हिंगण्याहून येथे चालत आला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पार्वतीबाई थांबल्या नाहीत. १९१८ साली, पन्नाशीला दोन वर्षे कमी असताना, त्या एकट्या अमेरिकेस निघाल्या. महायुद्ध अद्याप संपलेले नव्हते, हाताशी पैसा जेमतेम होता, आणि इंग्रजी, जे शिकण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे झटून पाहिले होते, अजून वश झालेले नव्हते. तिकडे त्या लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या. देवरुखच्या भिक्षुकी संस्कारात वाढलेली, शेकडो मुलींच्या आश्रमाची अधीक्षिका, परक्या देशात भांडी घासते आणि त्या घरातील संभाषण ऐकून भाषा शिकते, सवड मिळताच आपल्या संस्थेची माहिती सांगून मदत मागते, हे चित्र रंगवून सांगण्याचा मोह आवरावा लागतो. कारण स्वतः पार्वतीबाईंनी ते फारसे रंगविलेले नाही. १९२० मध्ये त्या परतल्या. तोवर कर्व्यांचे महिला विद्यापीठ, १९१६ साली हिंगण्यासच सुरू झालेले, विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने भक्कम होत होते, आणि पायलीभर तांदळाची वर्गणी त्या आकड्यापुढे क्षुल्लक दिसू लागली होती. ती क्षुल्लक नव्हती. ठाकरसींना दाखवावयास जे काही होते, ते त्या तांदळावर जगले होते.

१९२८ साली त्यांनी ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध केली, आणि दोनच वर्षांनी जस्टिन अॅबट यांनी तिचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत छापविले. पुस्तक लहान आहे, आणि आजच्या वाचकाला त्यातील काही मते चकित करतील. सरसकट सर्व मुलींना इंग्रजी शिक्षणाच्या रहाटास जुंपणे त्यांना मान्य नव्हते. गृहिणी आणि माता होणे हेच बहुतेक स्त्रियांचे स्वाभाविक कर्तव्य, आणि शिक्षणाने त्याचीच तयारी करावी, असे त्यांचे मत अनेक वर्षांच्या कामानंतरही कायम राहिले. स्वतः घर सोडून, समुद्र ओलांडून, एकटीने जग पाहिलेल्या बाईने हे लिहावे, याचे आश्चर्य करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की घर हे ज्यांना जन्मजात मिळालेले असते त्यांना त्याचा कंटाळा येऊ शकतो. पार्वतीबाईंपाशी येणाऱ्या प्रत्येक मुलीची कहाणी मात्र घर गमावण्यापासून सुरू होत होती. त्यांचे मत मला मान्य नाही. ते कोठून आले हे मात्र उमजते.

१९५५ साली त्या निवर्तल्या. अनाथ बालिकाश्रमाची पुढे हिंगणे स्त्री-शिक्षण संस्था झाली आणि कालांतराने महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था; नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे वसतिगृह तेथे आहे, मुलींच्या शाळा आहेत, आणि १९९१ पासून मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. मुलींच्या शिक्षणाबद्दल पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत जी मते बाळगली, त्यांप्रमाणे संस्था चालली असती तर हे महाविद्यालय बहुधा निघालेच नसते. आणि त्यांनी वर्गणी जमविली नसती तर ते ज्या जागेवर उभे आहे तेथे आज दुसरेच काही असते. तेथील एखाद्या विद्यार्थिनीने ‘माझी कहाणी’ ग्रंथालयातून काढून वाचली, तर तिचे लेखिकेशी कडाक्याचे भांडण होईल, आणि पार्वतीबाई त्या भांडणात सहजी हार मानणार नाहीत.